धाकटीच्या गोळ्या

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात एक वाडी आहे. दसरा सरला की तिथल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी थोडी पोरं. या वाडीतल्या एका घरात दोन जावा होत्या. थोरली एकोणपन्नास वर्षांची, धाकटी एकतीस. थोरलीला सगळी वाडी आक्का म्हणायची. धाकटी सगळ्यांचीच धाकटी होती.

धाकटीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. एकविसाव्या वर्षी तिसरं लेकरू झालं आणि लगेच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही. सव्विसाव्या वर्षी तिच्या अंगावरून पांढरं जायला लागलं, ओटीपोटात दुखायला लागलं. ऊसतोडीच्या फडावर पाण्याची सोय नाही, आडोसा नाही, कपडा धुऊन उन्हात वाळवायला जागा नाही. अशा ठिकाणी पाच-पाच महिने राहणाऱ्या बाईला जो जंतुसंसर्ग होतो, तोच तिला झाला होता. दोन आठवड्यांच्या औषधाने तो आटोक्यात आला असता. पण तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि तिथले डॉक्टर म्हणाले, "पिशवी खराब झालीय. ठेवली तर कॅन्सर होईल."

कॅन्सर म्हटल्यावर कोण वाद घालणार? नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतली. पिशवी काढली. टाके वाळले न वाळले तोच धाकटी पुन्हा फडावर उभी राहिली, कारण ती उचल फेडायची होती.

हे एकट्या धाकटीचं असतं तर इथे लिहिलं नसतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. दोघांपैकी कुणी एक दिवस बसलं तरी खाडा लागतो, आणि तो दंड बऱ्याच ठिकाणी दिवसाला ५०० रुपये आहे. पाळीच्या चार दिवसांत बसायचं म्हटलं तर कमाई दंडातच जाते. म्हणून "काढून टाका, कटकट मिटेल" हे डॉक्टरांचं म्हणणं बायकांना पटतं. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि बीड जिल्ह्यात पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. पिशव्या किती गेल्या हे त्यातून महाराष्ट्राला कळलं. पिशवीबरोबर आणखी काय गेलं, याची चर्चा मात्र तेव्हा फारशी झाली नाही. ही गोष्ट त्या दुसऱ्या नुकसानाची आहे.

ऑपरेशननंतर महिनाभरातच धाकटीच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. छातीपासून उठायच्या, मानेवरून कानशिलापर्यंत जायच्या, आणि ऐन थंडीत ब्लाउज पाठीला चिकटायचा. रात्री दोनला डोळा उघडायचा तो परत लागायचा नाही. गुडघे, मनगटं, कंबर दुखायची. लघवीला जळजळ व्हायची. नवरा जवळ आला की दुखायचं, म्हणून ती त्याला टाळायला लागली आणि त्यावरून घरात भांडणं व्हायला लागली. लेकरांवर उगाच ओरडायची आणि मग चुलीपुढे रडत बसायची. बायका म्हणायच्या, पिशवी काढल्यावर असं व्हतंच. पाच वर्षं तिने हेच खरं मानलं.

एकदा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, टोळी गावी आली, तेव्हा वाडीच्या आशाताईने तिला गाठलं. "तू माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आणि चालतेस म्हातारीसारखी. चल अंबाजोगाईला." धाकटी म्हणाली, "मपल्याला आता कापायला काही राह्यलं न्हाई ताई, तिथं जाऊन काय करू?" तरी आशाताईने तिला एस.टी.त बसवलंच.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंपुढे नेहमीप्रमाणे मोठी रांग होती. त्यांनी धाकटीचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऑपरेशनचं कार्ड आहे?" धाकटीने रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेलं डिस्चार्ज कार्ड काढलं. घडीवरचा कागद फाटायला आला होता, शिक्का पुसट झाला होता. ऑपरेशनच्या रकान्यात पेनाने खरडलं होतं: टीएएच, अधिक बीएसओ. डॉक्टरीणबाई त्या ओळीवर थांबल्या.

"पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलीत, हे तुला सांगितलं होतं का?"

"पिशवी म्हणाले व्हते."

"पिशवी गेली की पाळी जाते आणि मूल होत नाही, एवढंच. पण बाईच्या अंगात इस्ट्रोजेन नावाचं द्रव्य तयार होतं ते अंडाशयात. हाडं, झोप, खालची कातडी, हृदयाच्या रक्तवाहिन्या, सगळ्यांना ते लागतं. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते, तीही हळूहळू. तुझं ते सव्विसाव्या वर्षी एका दिवसात बंद झालं."

धाकटी कार्डाकडे बघत राहिली. तिला वाचता येत होतं, सातवीपर्यंत शिकली होती. पाच वर्षं तो कागद तिच्याच ट्रंकेत होता.

डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ प्रश्न विचारले. छातीत गाठ आहे का? आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग होता का? पाय कधी सुजून दुखला होता का, रक्ताची गुठळी झाली होती का? कावीळ? अर्धांगवायू? रक्तदाब घेतला, छाती तपासली, रक्त तपासायला पाठवलं. मग इस्ट्रॅडिऑल व्हॅलेरेटची २ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, रोज एक. "तुझ्या अंगाचं जे काढून घेतलं, तेच परत देतेय. निदान तुझी पाळी आपणहून गेली असती त्या वयापर्यंत घ्यायची. पिशवी नाही, त्यामुळे तुला एवढी एकच गोळी पुरे."

शेवटचं वाक्य धाकटीने ऐकलं, पण त्याचा अर्थ तिला लागला नाही. बाहेर रांग ताटकळली होती, डॉक्टरीणबाईंनी पुढच्या बाईला हाक मारली. माझ्या मते पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ या घाईत आहे. सरकारी दवाखान्यात चांगला डॉक्टर असतो, औषधही बरोबर मिळतं. फक्त ते तुलाच का आणि दुसरीला का नाही, हे सांगायला वेळ मिळत नाही.

महिनाभरात वाफा कमी झाल्या. दुसऱ्या महिन्यात धाकटी रात्रभर झोपली आणि सकाळी नवऱ्यानेच तिला हलवून उठवलं. पोळ्याच्या सुमाराला ती शेजारणीशी हसून बोलताना दिसली. आक्का हे सगळं ओट्यावर बसून पाहत होती.

आक्काची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्याही अंगातून वाफा निघायच्या, तिचीही झोप उडायची. पण ती कुणाला बोलली नव्हती. घरात सासूच्या जागी तीच होती, सगळ्यांचं दुखणं-खुपणं तीच बघायची. तिचं दुखणं विचारणारं कुणी नव्हतं. तिची पिशवी शाबूत होती, कारण फडावर कुणाच्याही दवाखान्यात पाऊल ठेवायचं नाही हा तिचा जुना नेम होता.

दसऱ्याआधी धाकटी आक्काला सोबत घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला परत तपासलं आणि फड लांबचा म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. अठ्ठावीस गोळ्यांची एकेक पट्टी, अशा सहा पट्ट्या. धाकटीने त्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. डबा धान्याच्या पोत्यांबरोबर सांगली जिल्ह्यातल्या फडावर गेला.

तिथे पहिली पट्टी संपत आली तेव्हा धाकटीचा नवरा डोकेदुखीची गोळी आणायला जवळच्या गावातल्या औषधाच्या दुकानात गेला. जाताना या गोळ्यांचं खोकंही घेऊन गेला. ह्या तिथं मिळतात का, पुढच्या वर्षी कामाला येईल, एवढ्याच विचाराने. गल्ल्यावरच्या पोराने खोक्यातला घडीचा कागद उलगडला, वाचला आणि म्हणाला, "दादा, कोण घेतंय ह्या? ह्यानं छातीचा कॅन्सर होतो. लिवलंय बघा. बंद करा."

नवरा कोपीवर, फडावरच्या झोपडीत, आला तो घाबराघुबरा होऊन. "पिशवी ठेवली तर कॅन्सर व्हईल म्हनून पिशवी काढली. आता गोळी घेतली तर कॅन्सर. मग आपण करावं तरी काय?"

त्याचं काय चुकलं? एकाच शब्दाने त्याच्या बायकोची पिशवी नेली होती, आणि आता त्याच शब्दाने तिचं औषध नेलं. दोन्ही वेळा तो शब्द उच्चारणाऱ्याने तिचं वय विचारलं नव्हतं.

खरं तर त्या कागदावरची भीती कुठून आली, हे त्या पोराला माहीत असायला हवं होतं. औषध विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची प्रेमारिन नावाची गोळी १९४१ मध्ये कॅनडात आणि १९४२ मध्ये अमेरिकेत आली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या अमेरिकी डॉक्टरने 'फेमिनाइन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहिलं. पाळी जाणं हा कमतरतेचा रोग आहे आणि इस्ट्रोजेन घेणारी बाई कायम तरुण राहते, असं त्याचं सांगणं. त्याच्या कामाला औषध कंपन्यांचा पैसा होता हे नंतर बाहेर आलं. पुस्तक धडाधड खपलं आणि लाखो बायका नुसतं इस्ट्रोजेन घेऊ लागल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना पिशवी होती. १९७५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले: नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये पिशवीच्या अस्तराचा कर्करोग कितीतरी पट जास्त आढळत होता. तेव्हापासून पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध द्यायचं, हा नियम पडला.

मग २००२ साल आलं. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात १६,६०८ बायकांना एक तर दोन्ही हार्मोन एकत्र असलेली गोळी किंवा औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली जात होती. साधारण पाच वर्षांनंतर जुलैमध्ये तो भाग मध्येच थांबवला. दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८ केसेस जास्त, पक्षाघाताच्या ८ जास्त, फुफ्फुसात गुठळी जाण्याच्या ८ जास्त, हृदयविकाराच्या ७ जास्त. उलट खुबा मोडण्याचं प्रमाण ५ ने आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ६ ने कमी. जगभरातल्या वर्तमानपत्रांनी यातले धोके तेवढे ठळक छापले आणि बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. डॉक्टरांनीही हात आखडता घेतला.

पण त्या अभ्यासातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी वय ६३. धाकटीच्या वयाची एकही बाई त्यात नव्हती. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो भाग पक्षाघाताचं प्रमाण वाढलं म्हणून २००४ मध्ये थांबवला, पण त्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला नव्हता. पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर तो कमीच निघाला. आणि अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की ४५ वर्षांच्या आत दोन्ही अंडाशयं काढलेल्या बायका इतर बायकांपेक्षा लवकर मरत होत्या, आणि हा फरक मुख्यतः ४५ वर्षांपर्यंत इस्ट्रोजेन न घेतलेल्या बायकांमध्ये होता. म्हणजे धाकटीच्या बाबतीत गोळी घेण्यापेक्षा न घेण्यात धोका मोठा होता. आधी सगळ्या बायकांना द्या, मग सगळ्या बायकांचं काढून घ्या. चाळीस वर्षांत एवढी मोठमोठी माणसं दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा चूक एकच होती. समोर बसलेली बाई कोणती आहे, हे बघितलं गेलं नाही.

धाकटीने गोळ्या बंद केल्या. पाच पट्ट्या डब्यात पडून राहिल्या. त्या फेकायचं तिच्या जिवावर आलं, विकत घेतलेल्या होत्या.

डबा आक्काच्या कोपीत होता. एका रात्री वाफांनी जीव नकोसा झाला तेव्हा आक्काने डबा उघडला. तिचा विचार सरळ होता. जे हिला झालं तेच मला होतंय. ज्याने हिला गुण आला त्याने मलाही येईल. कॅन्सरचं ती घाबरली नाही, म्हणाली, "आता पन्नाशीला आले, अजून काय व्हायचं राह्यलंय?" दुसऱ्या दिवसापासून ती रोज एक गोळी घ्यायला लागली, कुणाला न सांगता. तिलाही गुण आला. पंधरा-वीस दिवसांत ती झोपायला लागली. मोळ्या बांधताना गाणं म्हणायला लागली आणि टोळीतल्या बायका चकित झाल्या.

इकडे धाकटीच्या वाफा परत आल्या, सांधे परत धरले. जानेवारीत एका पहाटे ट्रक भरताना ती डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढत होती. दवाने फळी ओली होती. तिचा पाय घसरला, तिने हात टेकला आणि मनगट मोडलं. हाताला प्लास्टर आलं, कोयता अर्धा झाला, उचलीवर उचल चढली. फोटो बघून तिथले हाडांचे डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा उंचीवरून पडली आणि असं मोडलं? हाडं पातळ दिसताहेत." घसरली तर कुणाचंही मनगट मोडू शकतं, हे खरं आहे. तिचं मोडलं ते दोन महिन्यांच्या बंद गोळ्यांमुळे, असंही म्हणता येणार नाही, हाडं झिजायला पाच वर्षं लागली होती. पण ती झीज थांबवणारं औषध त्याच टोळीत, दुसऱ्या बाईच्या पोटात जात होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी आक्काला डाग लागला. मग थोडं रक्त. तिने चिंध्या घेतल्या आणि गप्प राहिली. मार्चमध्ये पुन्हा. पट्टा पडून टोळी गावी आली, गोळ्या संपल्या आणि रक्त वाढलं. इतकं की ती एका सकाळी आडावरून घागर उचलताना चक्कर येऊन बसली. धाकटी एका हाताने तिला धरून घरी घेऊन आली, आणि लुगड्यावरचा डाग तिने पाहिला.

"आक्का, तुमची पाळी तर गेल्ती."

"परत आली असंल. अंग पयल्यासारखं झालंय मपलं."

धाकटी आशाताईकडे गेली. आशाताईने ऐकलं मात्र, तिचा चेहरा बदलला. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्त दिसणं म्हणजे पाळी नसते, एवढं तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. आक्का जायला तयार नव्हती. "तिथं गेलं की पिशवी काढत्यात. धाकटीचं बघितलं न्हाई का?" शेवटी धाकटी म्हणाली, "मी तुमच्यासंगं बसते. कुणी कापायचं नाव काढलं तर उठून येऊ दोघी."

डॉक्टरीणबाईंनी आक्काला विचारलं, "मावशी, कुठलं औषध घेताय का?" आक्का गप्प. धाकटीला विचारलं, "आणि तू गोळ्या घेतेस ना रोज?" धाकटीही गप्प. मग आक्काने कनवटीचा रुमाल सोडला आणि त्यातून चार घड्या केलेली रिकामी पट्टी टेबलावर ठेवली. धाकटीने ती ओळखली. डॉक्टरीणबाईंनीही ओळखली. थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

रांग त्या दिवशीही होती. पण या वेळी डॉक्टरीणबाईंनी पुढच्या बाईला हाक मारली नाही. खुर्ची पुढे ओढली.

"मावशी, तुम्हाला पिशवी आहे आणि हिला नाही. सगळा फरक एवढाच आहे. इस्ट्रोजेन पिशवीच्या आतलं अस्तर वाढवतं. ते आटोक्यात ठेवायला दुसरं औषध लागतं, प्रोजेस्टेरॉन. तुम्ही रानात नुसतं पाणी सोडत राहिलात आणि खुरपणी केलीच नाही, तर काय होईल?"

"तण माजंल," आक्का म्हणाली.

"तसं अस्तर माजलंय. तसंच राहिलं तर त्यातून कर्करोग होऊ शकतो. किती माजलंय ते बघायला हवं."

सोनोग्राफीत अस्तर १४ मिलिमीटर जाड निघालं. पाळी गेलेल्या बाईचं ते चार-पाचच्या आत असायला हवं. अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात धाकटीने आक्काला घरातल्या कामाला हात लावू दिला नाही, मोडलेल्या मनगटानेच भाकरी थापल्या. अहवालात अस्तर वाढल्याचं होतं, पण पेशी बिघडलेल्या नव्हत्या. कर्करोग नव्हता.

"काढून टाका मग एकदाची," आक्का म्हणाली. आठवडाभर तिने मनाची तयारी केली होती.

"कशाला? यावर औषध आहे. सहा महिने प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या घ्या, मग पुन्हा तुकडा तपासू. बहुतेक बायकांचं अस्तर याने मूळपदावर येतं. नाही आलं, तर पुढचं बोलू."

आक्काने डॉक्टरीणबाईंकडे अविश्वासाने पाहिलं. पिशवीचा आजार सांगून पिशवी जागेवर ठेवणारा डॉक्टर तिने पहिल्यांदा पाहिला होता.

"आणि वाफांचं काय?" तिने हळूच विचारलं.

"हे आधी विचारलं असतंत तर दोन्ही औषधं जोडीने दिली असती. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या आणि दुसरा मोठा आजार नसलेल्या बाईला ती बहुतेक वेळा चालतात. आता अस्तर नीट होईपर्यंत इस्ट्रोजेन नाही. वाफांसाठी हार्मोन नसलेल्याही गोळ्या आहेत, त्या देते." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्रास होतोय हे मागच्या वेळी हिच्याबरोबर आला होतात तेव्हा मीही विचारायला हवं होतं."

धाकटीकडे वळून त्यांनी औषधाच्या दुकानातला तो कागद, २००२ चा अभ्यास, त्यातल्या बायकांची वयं, सगळं समजावून सांगितलं. नवऱ्यालाही आत बोलावलं आणि त्याच्यापुढे पुन्हा सांगितलं. त्याने एकच विचारलं, "म्हंजे पिशवीचा बी कॅन्सर होनार नव्हता?" डॉक्टरीणबाईंनी कार्ड पुन्हा उघडून वाचलं. त्यात कर्करोगाची शंका यावी असं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं. तो काही बोलला नाही, बाहेर जाऊन व्हरांड्यात बसला.

धाकटीची गोळी पुन्हा सुरू झाली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही. चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंनी या वेळी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: ही गोळी फक्त हिच्यासाठी. सहा महिन्यांनी आक्काचा तुकडा परत तपासला, अस्तर नीट होतं. दसऱ्याला टोळी निघाली तेव्हा दोघींचे डबे वेगळे होते आणि दोन्ही डब्यांवर नावं घातलेली होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या हार्मोनच्या औषधांवरचे हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे ठळक चौकटीतले इशारे काढायला कंपन्यांना सांगितलं. गोळी, कातडीला चिकटवायची पट्टी वगैरेंतून सगळ्या अंगात जाणाऱ्या नुसत्या इस्ट्रोजेनवर पिशवीच्या अस्तराच्या कर्करोगाबद्दलचा इशारा मात्र त्यांनी कायम ठेवला. आक्काला तो अनुभवाने कळला होता.

हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे. तुमच्या घरात, शेजारात, तुमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईच्या घरात कुणाची पिशवी काढलेली असेल, तर तिचं डिस्चार्ज कार्ड शोधा. अंडाशयं ठेवली की काढली, ते त्यात लिहिलेलं असतं. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरकडून वाचून घ्या. पंचेचाळीसच्या आत ती काढली असतील, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या आणि इस्ट्रोजेनबद्दल स्पष्ट विचारा, हाडांची तपासणी करून घ्या. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर कुणाला एक डाग जरी लागला, तर त्याच आठवड्यात तिला तपासायला न्या. आणि पिशवी काढा म्हणून कुणी सांगितलं, तर ऑपरेशनच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, तो दवाखाना कितीही लांब असला तरी.